डवरा फिरेल इतकं अंतर

पहिलं वर्ष

९ सप्टेंबर
सेलूच्या हॉस्टेलला येऊन तीन आठवडे. आज टाइमटेबल पुन्हा मोजलं. दहा विषय. सकाळी सातला फार्मवर, मग लेक्चर, मग प्रॅक्टिकल, पाचला खोलीत यायचं ते मॅन्युअल लिहायला. ॲग्रीला ॲडमिशन घेतली तेव्हा आमचं अख्खं वडनेर सांगत होतं, सोपं आहे, घरचंच तर आहे. सांगणाऱ्यांतला एकही कॉलेजात गेलेला नाही.

सीनियर ताई म्हणाली, "पहिलं वर्ष काढ फक्त, मग मजाच मजा." तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय. कसली मजा ते विचारलं नाही.

रूम पार्टनर प्रणाली. नागपूरची. फार्मवर भुईमुगाच्या वाफ्यात उभी राहून मला विचारते, "यार, याच्या शेंगा कुठे दिसून नाही राहिल्या?" मी म्हटलं, उपट. उपटलं तर किंचाळली. हिच्यासोबत चार वर्षं काढायची आहेत.

२१ ऑक्टोबर
तणांचा संग्रह. पन्नास तणं वाळवून, चिकटवून, नावं लिहून द्यायची. सगळ्या पोरी रडकुंडीला आलेल्या. मी रविवारी घरी जाऊन बाबांसोबत एका बांधावरून बेचाळीस गोळा केली. बाबा एकेक उपटून हातात देत होते आणि नाव सांगत होते. तरोटा, केना, कुंदा, चिवळ. मी लिहून घेतलं, जसंच्या तसं.

डबल होती ती प्र.ला दिली, कारण तिच्याकडे सातच होती. कुंदा आणि हराळी तिला सारखीच दिसतात.

आज मार्क. मला दहापैकी पाच. प्र.ला नऊ. आमच्या बॅचच्या सल्लागार गावंडे मॅडम माझी फाईल चिमटीत धरून म्हणाल्या, "ही नावं गावात चालतात. इथे शास्त्रीय नाव लागतं." प्र.ने माझीच तणं चिकटवून खाली लॅटिन लिहिलं होतं. रात्री जेवताना मला म्हणाली, "थँक्स हं, तुझ्यामुळेच झालं."

११ फेब्रुवारी
पहिल्या सेमचा निकाल. सगळे विषय निघाले. सहा पूर्णांक एक. प्र. आठ पूर्णांक चार.

बाबांना फोन केला. "निघाली ना? मंग झालं. घरचंच तं आहे." 
मी म्हटलं, हो.
घरचं काय आहे त्यात? बायोकेमिस्ट्री घरची आहे? सांख्यिकी घरची आहे? आमच्या घरी वांगी, मिरची, मेथी आहे आणि हिंगणघाटचा बाजार आहे. त्यातलं एकही अजून कोणी विचारलेलं नाही.

दुसरं वर्ष

६ ऑगस्ट
विषय कमी झाले, आठ. पण पहिल्या वर्षाचे विषय नुसते जास्त होते, हे जाड आहेत. तेव्हा पाठ करून भागायचं. आता समजलं नाही तर पाठही होत नाही. जेनेटिक्सचं पहिलं लेक्चर संपलं तेव्हा शेजारची पोरगी मला विचारते, तुला कळलं का? मी म्हटलं, मला तारीख कळली.

सीनियर ताई आता म्हणते, दुसरं वर्षच खरं कठीण, तिसऱ्यापासून सोपं. मागच्या वर्षी काय बोललीस ते आठवतं का तुला, विचारायला हवं होतं.

एक बरं आहे. या सेमला भाजीपाला उत्पादन आहे. शिकवणार गा. मॅडम, पण असू दे. यात मला कोणी हात लावू शकत नाही. शाळेत जायच्या आधीपासून वांगी तोडतेय मी.

१७ नोव्हेंबर
उद्या भाजीपाल्याचा पेपर. प्र. पहाटेपासून घोकतेय. साठ बाय साठ, पंचेचाळीस बाय तीस, कोणत्या पिकाला किती हे सगळं बोटांवर. दया आली. मी पुस्तक एकदा चाळलं आणि घरी फोन लावला. बाबा वांग्यातच होते. त्यांना म्हटलं, वांग्याचं सगळं पहिल्यापासून सांगा. त्यांनी अर्धा तास सांगितलं. रोपात राख टाकायची. रोप विताएवढं झालं की लावायचं. शेंडा मान टाकायला लागला की आत अळी आहे, मोडायचा आणि बांधाबाहेर पुरायचा. अंतराचं विचारलं तर हसले.

"अंतर काय वं, दोन्हीकून डवरा फिरला पाह्यजे. आपली काळी, भारी जमीन. हलक्या जमिनीत ठेवतात त्याच्याहून वीतभर जास्तच सोडजो."

किती छान सांगतात. गा. मॅडमला अर्ध्या तासात एवढं सांगता येईल का?

१८ नोव्हेंबर
पेपर मस्त! वांग्यावर दहा मार्कांचा प्रश्न आला. दीड पान लिहिलं. इंग्रजीत डवऱ्याला काय म्हणतात ते आठवेना, म्हणून इंग्रजी अक्षरांत डवराच लिहिलं. बैलांच्या जोडीने ओढतात, ओळींमधलं तण निघतं, हेही लिहिलं. बाबा जे बोलले ते सगळं लिहिलं.

बाहेर येऊन प्र. रडत होती, तिने मिरचीचं अंतर चुकवलं म्हणून.

२३ जानेवारी
नापास.

२४ जानेवारी
काल लिहवलं नाही. आठपैकी सात निघाले. जेनेटिक्ससुद्धा निघालं, ज्यात मला तारखेपलीकडे काही कळलं नाही. राहिला भाजीपाला. वर्गात एकटी मी.

कँटीनमध्ये एक पोरगा म्हणाला, "अबे, इच्या घरी तं भाजीचंच आहे ना?" सगळे हसले. मी उठून आले. त्याच्या चहात माशी पडो.

घरून फोन आला. बाबांनी सगळ्यात आधी तेच विचारलं. "वांग्याचा निघाला?" 
म्हटलं, निघाला.
"मंग! सांगतलं होतं ना मी."

खोटं का बोलले? लाज वाटली म्हणून नाही. त्या दीड पानात माझं एक वाक्य नव्हतं. नापास मी नाही झाले, बाबा झाले. ते त्यांना कसं सांगू.

९ फेब्रुवारी
उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती, आज मिळाली. वांग्याच्या प्रश्नाला दहापैकी दीड. डवऱ्याभोवती लाल गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह. अंतराच्या ओळीखाली लाल रेघ: से.मी. मध्ये? खताच्या ओळीशेजारी: हेक्टरी किती? पानभर हेच.

गेले मॅडमच्या केबिनला. ओरडायचं ठरवूनच गेले होते. म्हटलं, मॅडम, यात चूक काय आहे ते दाखवा. तुम्हाला डवरा माहीत नाही का?

त्यांनी चष्मा काढला. "मला डवरा माहीत नाही असं वाटतं तुला? माझे वडील आष्टीकडे डवरतच होते." मग म्हणाल्या, "चूक नाहीये. पण यातून दुसऱ्या कोणाला वांगं लावता येईल का? ज्याने तुमचं शेत पाहिलं नाही, त्याला?"

वाटलं होतं बाई शहरातली आहे, तिला काय कळतं. तिचा बापही डवरतच होता आणि तरी लाल गोल! मग तर जास्तच राग आला. बाहेर येऊन झेरॉक्स चार घड्या घालून मॅन्युअलमध्ये खुपसली.

तिसरं वर्ष

२८ ऑगस्ट
सोपं होणार होतं ते हेच का? विषय सात, पण प्रत्येकाला एक संग्रह, एक फाईल, एक सेमिनार. किडींची पेटी: पंचवीस कीटक, टाचणीवर, पंख पसरून. फुलपाखराच्या मागे धावताना फार्मवर पडले, गुडघा फुटला. दोन पोरींनी मागच्या बॅचची पेटी घेतली आणि नावाची चिठ्ठी बदलली. त्यांना मला मिळाले तेवढेच मार्क.

शिवाय माझा एक जास्तीचा विषय. भाजीपाला. बुधवारी दुसऱ्या वर्षाच्या पोरींमध्ये जाऊन बसायचं. त्या मला ताई म्हणतात, शेवटच्या बाकावर जागा देतात. एक विचारते, "ताई, तुमचा काऊन राह्यला?" दुसरीने तिला कोपर मारलं. मला ऐकू गेलं नाही असं दाखवलं.

३० सप्टेंबर
नोटीस. दुसऱ्या वर्षाचा कोणताही विषय राहिला असेल तर चौथ्या वर्षाच्या गावातल्या सेमिस्टरला पाठवणार नाही. वर्ष वाया. म्हणजे या नोव्हेंबरला भाजीपाला निघालाच पाहिजे. नाही निघाला तर घरी सांगावं लागेल, आणि सांगावं लागेल तर सगळंच.

हॉस्टेलच्या गच्चीवर प्र. आली. म्हणाली, माझ्या नोट्स घे. मी म्हटलं, नको. ती तिथेच ठेवून गेली. रंगीत पेनाने चौकटी केल्या आहेत, प्रत्येक पिकाला एक चौकट, चौकटीत आकडे. मला तिचा एवढा तिटकारा आहे आणि तिचं अक्षर किती सुंदर आहे!

नोट्स घेतल्या.

१५ ऑक्टोबर
आकडे पाठ. वांगी पंचाहत्तर बाय साठ. एकच अंतर, दोन मार्क, पुढे जा. प्र. म्हणते, प्रत्येक पिकाखाली बारीक अक्षरात अजून काही आहे, जमिनीप्रमाणे वगैरे. मी म्हटलं, दोन मार्कांना तेवढं लागत नाही. सात विषयांचं ओझं असताना बारीक अक्षर कोण वाचतं.

दसऱ्याला घरी गेले तर बाबा वांग्यात होते. मी घरातच बसून राहिले, पुस्तक पुढे धरून. आईने दोनदा हाक मारली, तोडायला ये. अभ्यास आहे म्हटलं. शेतात गेले असते तर डोक्यात बाबांचं बोलणं आलं असतं आणि आकडे गेले असते.

१९ नोव्हेंबर
पेपर झाला. वांगी आलीच. अर्ध्या पानात संपवलं. राख नाही, वीत नाही, डवरा नाही. हात सरसर चालला. लिहिताना वाटलं, कोणा परक्याच्या शेतात चोरासारखी फिरतेय.

२ फेब्रुवारी
निघाला. शंभरात बहात्तर! प्र.ने मिठी मारली, मी मारू दिली. आनंद झाला पाहिजे होता. झाला नाही असं नाही. पण गा. मॅडम जिन्यात भेटल्या, "यावेळी छान लिहिलंस," म्हणाल्या, आणि मला त्यांना जिन्यावरून ढकलावंसं वाटलं.

चौथं वर्ष

४ जुलै
लेक्चर बंद. पेपर नाहीत. सगळ्यांना गावं वाटून दिली. अख्खं सेमिस्टर गावात राहायचं, प्रत्येकीला एक यजमान शेतकरी, त्याच्या शेतात प्रात्यक्षिक करायचं, फाईल भरायची. तीन वर्षं सगळे सांगत होते, चौथ्या वर्षी आराम. फाईलचा नमुना पाहिला. दोनशे पानं आहेत.

यादी गा. मॅडमने केली. प्रणाली: वडनेर, यजमान गावातलेच दुसरे एक शेतकरी. माझ्यापुढे: वडनेर. यजमान शेतकरी म्हणून माझ्याच बापाचं नाव.

केबिनला गेले. म्हटलं, घरचा माणूस चालतो का?
"नियमात नाही म्हटलेलं नाही," म्हणाल्या. "तुझ्या घरी वांगी आहेत ना? बघू या, घरचं किती येतं."

आणि प्र. राहणार कुठे? आमच्या घरी. आईने फोनवर आधीच होकार दिलाय.

१९ जुलै
घरी. सर्वेक्षणाचा फॉर्म भरला. बाबांना समोर बसवून विचारायचं: कुटुंबप्रमुखाचे नाव, शिक्षण, सुधारित तंत्रज्ञानाची माहिती आहे का, हो की नाही. बाबा टोपी काढून, मांडी घालून, शाळेत बसल्यासारखे बसले. "नाई लिव," म्हणाले. "असती तं तुले कायले पाठोलं असतं?"

प्र. रोज आईसोबत तोडायला जाते. चुकीची मिरची तोडते, आई हसते. बाबा तिला "बाई" म्हणतात. मला कधी म्हटलं नाही.

३० जुलै
प्रात्यक्षिक: शास्त्रोक्त पद्धतीने वांगी लागवड. बाबांनी स्वतःहून चार ओळींची जागा दिली. मी टेप धरला, प्र.ने दोरी. पंचाहत्तर, साठ. पंचाहत्तर, साठ. गावातले आठ-दहा जण बांधावर उभे. मी तक्ता हातात धरून पाच मिनिटं बोलले. प्र.ने फोटो काढले.

बाबा वाकून रोपांकडे बघत होते. "एवढ्या जवळ?"
म्हटलं, शिफारस आहे.
"असंन मंग," म्हणाले आणि पुढच्या रोपाला स्वतः माती लावली. वाद घालायला मी पूर्ण तयारीत होते. त्यांनी घातलाच नाही.

२ सप्टेंबर
पाऊस थांबत नाही. झाडं फोफावली. बाबांच्या ओळींत डवरा उभा-आडवा दोन्हीकडून फिरतो, अर्ध्या दिवसात काम होतं. माझ्या चार ओळींत आडवा शिरतच नाही. आज बाबांनी बैल माझ्या ओळींपाशी आणून थांबवले, बघितलं, आणि वळवले. खुरपं आणून माझ्यासमोर ठेवलं.

सहा तास खुरपत होते. प्र. मदतीला आली, तिला हाकललं.

२५ सप्टेंबर
खुरपं. परत खुरपं. माझ्या ओळींत वारा शिरत नाही, पानाला पान लागलंय, शेंडे माना टाकतायत. अळी. रोज बादलीभर शेंडे मोडून बांधाबाहेर पुरते. बाबांच्या ओळींतही आहे, पण थोडी. ते त्यांच्या ओळींत, मी माझ्या. मधे एक पाट.

का बोलत नाहीत? बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

८ ऑक्टोबर
गा. मॅडमची भेट. गाडीतून उतरल्या त्या चप्पल काढून सरळ वाफ्यात. सगळ्या फाईली बाजूला ठेवल्या.

"अंतर किती?"
"पंचाहत्तर बाय साठ, मॅडम."
खाली वाकून माती उचलली, मुठीत दाबली. गोळा झाला. "जमीन कोणती?"

मला कळलं. त्यांनी विचारलं त्या क्षणी कळलं. प्र. खाली बघत होती, म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. चौकटीखालचं बारीक अक्षर: भारी जमिनीत अंतर वाढवावे, नव्वद बाय नव्वद.

बाबा पुढे झाले. "मॅडम, पोरीची चूक नाई. जमीन माही खराब आहे."

त्यांनी आपल्या जमिनीला खराब म्हटलं. त्या जमिनीला! मॅडमनी एकदा बाबांच्या ओळींकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे, आणि चहा न घेता गेल्या.

प्र.ला विचारलं, लावताना का नाही बोललीस? "तू ऐकतेस का माझं कधी?" म्हणाली. मला तिला मारावंसं वाटलं. खरं बोलली म्हणून.

२६ ऑक्टोबर
हे व्हायला नको होतं.

प्र.ला फाईलसाठी जुनं मॅन्युअल हवं होतं. मी म्हटलं, पेटीत आहे, घे. मी विहिरीवर होते. परत आले तर ओट्यावर ती आणि बाबा. बाबा अंबाडीच्या दोऱ्या वळत बसलेले, तिच्या हातात घडीचा कागद. दुसऱ्या वर्षाची झेरॉक्स. बाबांनी विचारलं असणार, हे लाल लाल काय आहे बाई? आणि ती बिनडोक, भोळी पोरगी इंग्रजीतून एकेक ओळ मराठी करून त्यांना वाचून दाखवत होती. "रोपात राख टाकावी. शेंडा सुकला की मोडून बांधाबाहेर पुरावा. अंतर असं ठेवावं की दोन्हीकडून डवरा फिरेल. काळी भारी जमीन असेल तर वीतभर जास्त."

बाबांचे हात थांबले. "हे तं मी सांगतलं होतं."
मग, "मार्क किती?"
प्र.ने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. तिने सांगितलं. "दहापैकी दीड."

मी भडाभडा बोलत सुटले. तेव्हाच सांगणार होते, मॅडमनी तुमचं काही वाचलंच नाही, आकडे हवेत त्यांना. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही नापास झालात असं मला वाटलं.

बाबा दोरी गुंडाळत उठले. 
"माह्या नापासचं मले काई नाई," म्हणाले. "म्या कोठी पेपर देला? पण तुले माहीत होतं. तुह्याच हातचं लिवलेलं आहे, भारी जमिनीत वीतभर जास्त. मंग लावतांनी काऊन नाई बोलली? मी समोर उभा होतो."

पुढच्या पेपरला ते सगळं डोक्यातून काढून टाकलं होतं. मुद्दाम काढलं होतं. पास व्हायला.

९ नोव्हेंबर
पंधरा दिवसांत बाबा माझ्याशी कामापुरतं बोलले. खुरपं दे. पाणी लाव. आई म्हणते, होईल शांत. शांतच तर आहेत! आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

चिडून मीही बोलत नाही. मला तरी कोण विचारतं, दहा विषय, मग आठ, मग सात अधिक एक, मग दोनशे पानं. पहिल्या वर्षी कठीण होतं ते पुस्तक. आता पुस्तक सगळं येतं, आणि समोरच्या चार ओळी येत नाहीत. 

२१ नोव्हेंबर
शेवटचा फॉर्म. यजमान शेतकऱ्याचा अभिप्राय. विद्यार्थ्याला दहापैकी गुण, आणि एक प्रश्न: विद्यार्थ्याकडून आपण काय शिकलात? कॉलेजची पद्धत अशी की हे आपणच भरायचं, शेतकऱ्याची फक्त सही. आजवर सगळ्यांनी तसंच केलंय. प्र.ने तिच्या यजमानांचा भरला, दहापैकी दहा, काय शिकलात खाली सुंदर अक्षरात चार ओळी. त्यांनी न वाचता सही ठोकली.

मी माझा भरून बाबांपुढे ठेवला. नऊ लिहिले होते. दहा लिहायला लाज वाटली.
"हे कोनं लिवलं?"
म्हटलं, आपणच लिहितो, तुम्ही सही करा.
"माही सही आहे तं मीच लिवीन. दुसरा कोरा कागद आन."

प्र.कडे एक जास्तीचा फॉर्म होता. तिने निमूट काढून दिला.

२३ नोव्हेंबर
दोन दिवस फॉर्म त्यांच्या खिशात. काल बांधावर बसून लिहिताना दिसले, माझीच फाईल मांडीवर आधाराला. बराच वेळ पेन धरून बसले होते, मग उठून माझ्या ओळींपर्यंत गेले, पावलांनी काहीतरी मोजलं, परत येऊन लिहिलं. मी लांबून पाहत होते. मला शेतात काम आहे असं दाखवत होते.

संध्याकाळी पाकीट दिलं. भाताच्या शितांनी चिकटवलेलं. 
"मॅडमच्याच हातात देजो."
विचारलं, किती दिले?
"जे दिसलं ते देले."

२४ नोव्हेंबर, बसमध्ये
अक्षर हलतंय. अकराला फाईल जमा करायची. प्र. शेजारी झोपलीय, तोंड उघडं.

सकाळी स्टँडवर बाबा सोडायला आले. बस वळणावर आली तेव्हा म्हणाले, "पुढच्या साली वांगं किती अंतरावर लावू?"

परीक्षा घेत होते की खरंच विचारत होते, मला अजून कळलेलं नाही. मी म्हटलं, नव्वद बाय नव्वद सेंटिमीटर. मग म्हटलं, म्हणजे डवरा दोन्हीकडून फिरेल इतकं. त्यांनी बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही. बॅग उचलून आत दिली आणि मागे वळून न बघता शेताच्या रस्त्याला लागले.

पाकीट मांडीवर आहे. शितं वाळली, एक कोपरा सुटलाय. आत निळ्या पेनाची एक रेघ दिसते, आकड्याची की अक्षराची ते कळत नाही. थोडं वाकवलं तर दिसेल. मॅडमना कळणारसुद्धा नाही.

एका हाताने लिहितेय. दुसऱ्या हाताचा अंगठा त्या कोपऱ्यावर दाबून धरलाय. सेलू अजून यायचंय.